गरम इंजिन पुन्हा सुरू न होणे : दोष शोधण्याची रीत

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव कोल्हापूर शहराला लागून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या काठी वसलेले आहे. शेजारी गांधीनगरची बाजारपेठ, उत्तरेस पंचगंगेपलीकडे शिरोलीची व दक्षिणेस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि सभोवार उसाची शेती, अशी या भागाची रचना आहे. अशा ठिकाणी शेतकऱ्याचा दिवस बैलाइतकाच वाहनावर अवलंबून असतो. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, दूध गोळा करीत एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे जाणारा टेंपो, भाजीपाला व खते वाहणारी जीप आणि घरची लहान मोटारगाडी ही आता शेतीच्या अवजारांतच जमा झाली आहेत.

या सर्व वाहनांच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. सकाळी थंड असताना इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. दिवसभर उत्तम चालते. परंतु काम करून गरम झाल्यावर थोडा वेळ बंद केले की पुन्हा सुरू होत नाही. त्यातही रोज असे घडत नाही. चार दिवस ठीक जातात आणि पाचव्या दिवशी नेमक्या अडचणीच्या वेळी इंजिन रुसते. मेस्त्री येईपर्यंत ते थंड होते व त्याच्यासमोर निमूटपणे सुरू होते. मग मेस्त्री तर्काने बॅटरी बदलावयास सांगतो, पुढे सेल्फ, पुढे कॉइल किंवा डिझेल पंप. हजारो रुपये खर्च होतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

याचे दुसरेही दुष्परिणाम आहेत. पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने चालक कारखान्याच्या आवारात रांगेत उभा असताना इंजिन चालूच ठेवतो. नुसते चालू ठेवलेले ट्रॅक्टरचे इंजिन ताशी साधारण एक लिटर किंवा त्याहून अधिक डिझेल जाळते; सहा तासांच्या रांगेत सहा लिटर डिझेल धुरात जाते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, बंद पडलेला ट्रॅक्टर घाईने सुरू करण्यासाठी काही चालक जमिनीवर उभे राहून सेल्फच्या टोकांना पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावतात. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो आणि चाकासमोर उभा असलेला मनुष्य सापडतो. एका लहानशा दोषापायी जीव गमावण्याचा प्रसंग येऊ नये, यास्तव हा दोष शोधण्याची रीत प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. इंजिन बंद केल्यावर उष्णता का वाढते?

इंजिन बंद केले की ते लगेच थंड होऊ लागते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. इंजिन चालू असताना पंखा फिरत असतो, पाणी रेडिएटरमधून खेळत असते आणि वाऱ्याने बाजूचे भाग थंड राहतात. इंजिन बंद होताच या तिन्ही क्रिया थांबतात. परंतु सिलिंडरच्या डोक्यात आणि धुराच्या नळीत साठलेली उष्णता तशीच असते. ती हळूहळू आजूबाजूच्या भागांत पसरते. चूल विझवल्यावर वैलावर ठेवलेले भांडे काही वेळ तापतच राहते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, डिझेल पंप, कॉइल, सेल्फ व विजेच्या तारा यांचे तपमान इंजिन बंद केल्यानंतर सुमारे १० ते ३० मिनिटांच्या अवधीत सर्वाधिक होते. पुढे तास-दीड तासाने ते भाग निवतात.

यावरून एक महत्त्वाचे निदान-सूत्र मिळते. बंद केल्यावर दोन मिनिटांत सुरू होते, वीस मिनिटांनी होत नाही, आणि दीड तासाने पुन्हा होते, असे घडत असल्यास दोष उष्णतेने बिघडणाऱ्या एखाद्या भागात आहे असे समजावे. उसाच्या रांगेत थोडे पुढे सरकून पुन्हा थांबणारा ट्रॅक्टर आणि प्रत्येक दूध केंद्रावर पंधरा-वीस मिनिटे थांबणारा टेंपो ही वाहने दिवसातून अनेकदा नेमक्या याच अवधीत सापडतात. म्हणून त्यांच्यात हा दोष प्रथम उघड होतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो वाढतो आणि पावसाळ्यात कित्येकदा आपोआप नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पण तो बरा झालेला नसतो.

२. पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो काय?

इंजिन सुरू होण्यास मुख्यतः चार गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरवणे, इंधन, हवेचा योग्य दाब, आणि पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी. इंजिन सुरू होत नाही म्हणजे या चारांपैकी किमान एक गोष्ट त्या वेळी हजर नाही. ती कोणती, हे ठरविल्यावाचून कोणताही भाग बदलू नये.

म्हणून किल्ली फिरवताच प्रथम कानाने व डोळ्याने पाहावे. तीन प्रकार संभवतात :

(अ) सेल्फ मुळीच फिरत नाही; किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो.
(आ) सेल्फ फिरतो, परंतु मंद व जड फिरतो.
(इ) सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाही.

पहिले दोन प्रकार विजेचे आहेत. तिसरा इंधनाचा किंवा ठिणगीचा आहे. या एका प्रश्नाच्या उत्तराने शोधाचे अर्धे क्षेत्र बाद होते. ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगणारा शेतकरी मेस्त्रीला अंधारात ढकलतो. ‘सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही’ असे सांगणारा शेतकरी त्याच्या हाती दिवा देतो.

३. सेल्फ न फिरणे किंवा मंद फिरणे

या बाबतीत लोक प्रथम बॅटरीला दोष देतात. परंतु थोडा विचार करावा. बॅटरीची शक्ती थंडीत कमी होते व उबेत वाढते. जी बॅटरी पौषातल्या पहाटे इंजिन सहज फिरवते, तीच दुपारी गरम इंजिन फिरवू शकत नसेल तर बॅटरीपेक्षा तारा, जोड व सेल्फ यांवर अधिक संशय घ्यावा.

तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा अडथळा प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलेल्या सेल्फच्या वेटोळ्यात हा अडथळा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. निरोगी सेल्फ एवढे सहन करतो. परंतु झिजलेले ब्रश, गंजलेले टर्मिनल व सैल अर्थिंग यांची त्यात भर पडली की तो हार खातो. गणित असे : सेल्फ २०० अँपिअर वीज ओढत असेल आणि एखाद्या गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहम अडथळा असेल, तर त्या एका जोडात २ व्होल्ट वाया जातात. बॅटरीकडे १०.५ व्होल्ट असले तरी सेल्फला ८.५ व्होल्टच मिळतात.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) इंजिन बंद व थंड असताना, निदान तासभर उभ्या असलेल्या बॅटरीचा दाब मल्टिमीटरने पाहावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

२) हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी, तिचे जोड किंवा जड झालेला सेल्फ यांत दोष आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि आवाजही आला नाही, तर किल्लीचे स्विच, रिले, क्लच किंवा न्यूट्रलचे सुरक्षा-स्विच अथवा सोलेनॉइडपर्यंतची तार तपासावी. दिवे तेजस्वी राहून ‘टक्’ आवाज आला, तर सोलेनॉइडचे आतील संपर्क किंवा सेल्फचे ब्रश झिजलेले असण्याचा संभव अधिक.

३) सेल्फ मारत असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसल्यास अर्थिंगच्या पट्टीत दोष आहे. तसेच बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या जाड टोकापर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा अधिक घट नसावी.

४) दोष आढळल्यास टर्मिनल उघडून खरवडावीत, अर्थिंगच्या पट्टीखालचा रंग व गंज घासून धातू उघडा करावा, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी. या कामाचा खर्च जवळजवळ काहीच नाही, म्हणून ते सर्वांत आधी करावे.

पेट्रोलच्या जुन्या इंजिनात सेल्फ गरमपणी अडखळत, उलटा धक्का देत फिरत असेल, तर ठिणगी वेळेपूर्वी पडत असल्याचा संशय घ्यावा व टायमिंग तपासून घ्यावे.

४. सेल्फ फिरतो, पण पेट्रोलचे इंजिन घेत नाही

सामुदायिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली. त्या काळापासून विकास गटांची ओळख असलेली जीप, तशीच त्या पिढीतील मोटारी व लहान पंपांची इंजिने कार्बोरेटरची होती. अशी वाहने अद्यापही काही शेतांवर चालू आहेत. त्यांत पुढील तीन दोष मुख्यत्वे आढळतात.

पहिला दोष पेट्रोल उतू जाण्याचा. पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. बंद केलेल्या इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळते, दुधाप्रमाणे उतू जाते व आत टपकते. मिश्रणात पेट्रोल जास्त व हवा कमी झाल्याने ते पेट घेत नाही. पेट्रोलचा उग्र वास आणि ओले प्लग ही याची खूण होय. अशा वेळी चोक ओढू नये व अॅक्सिलरेटर वारंवार दाबू नये. तो पूर्ण दाबून तसाच धरावा व सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल निघून जाईल.

दुसरा दोष नळीत वाफ धरण्याचा. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ढकलतो आणि वाटी रिकामी राहते. येथे वास येत नाही व प्लग कोरडे असतात. पंपावर ओले फडके ठेवल्याने इंजिन सुरू झाल्यास या दोषाला पुष्टी मिळते. नळी धुराच्या नळीपासून दूर नेणे, मधे पत्र्याचा आडोसा बसविणे व निघालेला उष्णतारोधक वॉशर परत बसविणे हे उपाय होत.

तिसरा दोष ठिणगीचा. कॉइलचे आतील आवरण जुने झाले की थंडपणी काम देते व तापल्यावर फुटते. कन्डेन्सरचेही तसेच. माहीतगार माणसाने, पेट्रोलची वाफ आसपास नसल्याची खात्री करून, टेस्टरने ठिणगी पाहावी. ती निळी व कडक असावी. पिवळी व अशक्त ठिणगी दोष दर्शविते. इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या गाड्यांत प्लगची तार मोकळी सोडून सेल्फ मारू नये. त्याने महागडे मॉड्यूल जळू शकते.

येथे उसाच्या शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते व २०२५ साली देशातील हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलमुळे पेट्रोलची वाफ होण्याची रीत बदलते, तसेच जुन्या काळच्या रबरी नळ्या व पडदे यांवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून जुन्या जीपच्या नळ्या, पंपाचा पडदा व वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे आहेत काय, हे पाहून घ्यावे.

अलीकडच्या मोटारगाड्यांत कार्बोरेटर नसून इंजेक्शनची पद्धत असते. त्यांत पुढील तीन खुणा पाहाव्यात. (१) किल्ली दोन-तीन वेळा ‘ऑन’ करून, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून मग सेल्फ मारल्यास इंजिन सुरू होत असेल, तर उभ्या गाडीत इंधनाचा दाब टिकत नाही; टाकीतील पंपाची झडप किंवा गळका इंजेक्टर पाहावा. (२) सेल्फ मारताना फेरे दाखविणारा काटा मुळीच हलत नसेल आणि ठिणगी व इंधन दोन्ही बंद असतील, तर क्रँकचा सेन्सर तापल्यावर काम सोडतो असा संशय घ्यावा. काही गाड्यांत हा काटा चांगल्या स्थितीतही सेल्फच्या वेळी हलत नाही, म्हणून थंडपणी तो कसा वागतो हे आधी पाहून ठेवावे. (३) गरम इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल सोडले जात असेल, तर पाण्याच्या तपमानाचा सेन्सर चुकीची वार्ता देत आहे. गॅरेजमधील कोड वाचण्याच्या यंत्राने ही वार्ता पाहता येते. तथापि यंत्राने एखाद्या सेन्सरचे नाव दाखविले म्हणजे तो सेन्सरच वाईट असे नव्हे. त्याची तार व खटका आधी तपासावा.

५. सेल्फ फिरतो, पण डिझेलचे इंजिन घेत नाही

ट्रॅक्टरच्या बाबतीत धुराची नळी हीच उत्तम साक्षीदार होय. सेल्फ मारताना पांढरट धूर येत असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचते आहे, पण जळत नाही. धूर मुळीच येत नसेल तर डिझेल पोचतच नाही.

धूर येत नसल्यास पुढील क्रमाने पाहावे. प्रथम टाकीतील डिझेल, टाकीच्या झाकणाचे हवा-छिद्र व फिल्टर. मग इंजिन बंद करणारे सोलेनॉइड. किल्ली ‘ऑन’ करताच त्याचा ‘टक्’ आवाज यावयास हवा. तापल्यावर हा आवाज येत नसेल तर सोलेनॉइड किंवा त्याची तार बिघडली आहे. नंतर फीड पंपाची दांडी हाताने चालवून फिल्टरच्या बोल्टमधून डिझेल बुडबुड्यांवाचून येते काय ते पाहावे. बुडबुडे आल्यास ओढीच्या नळीत कोठेतरी हवा शिरते आहे.

हे सर्व ठीक असूनही डिझेल पोचत नसेल, तर वितरक पद्धतीच्या, म्हणजे रोटरी, डिझेल पंपाचे आतील भाग झिजलेले असण्याचा संभव असतो. डिझेल तापले की पातळ होते. नव्या पंपात फटी इतक्या बारीक असतात की पातळ डिझेलही निसटत नाही. झिजलेल्या पंपात मात्र सेल्फच्या कमी वेगावर दाब तयार होण्यापूर्वीच ते आतल्या आत गळून जाते. थंड, दाट डिझेल असताना हाच पंप चांगला चालतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनातही, इंजेक्टरमधून परतीच्या नळीत जादा डिझेल गळत असेल, तर गरमपणी रेलमध्ये आवश्यक दाब तयार होत नाही. त्याची तपासणी मात्र गॅरेजमध्येच करून घ्यावी.

धूर येत असूनही इंजिन घेत नसेल तर झडपांची फट पाहावी. टॅपेट फार घट्ट बसविले असतील तर तापल्यावर झडपा पूर्ण मिटत नाहीत व दाब निसटतो.

६. तुलनेची चाचणी

अधूनमधून दिसणाऱ्या दोषाच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. पंपावर ओले फडके ठेवले, दहा मिनिटांनी इंजिन सुरू झाले. म्हणून पंपच वाईट, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. परंतु फडके न ठेवता दहा मिनिटे थांबले असते तरी ते सुरू झाले नसते कशावरून? त्या दहा मिनिटांत संपूर्ण इंजिनच थोडे निवालेले असते.

खताच्या प्रात्यक्षिकात शेतकरी एका वाफ्याला खत देतो व शेजारचा वाफा तुलनेसाठी बिनखताचा ठेवतो. तुलनेच्या वाफ्यावाचून खताचा गुण सिद्ध होत नाही. इंजिनाच्या बाबतीतही तीच रीत अवलंबावी. दोष दिसताच एका वेळी केवळ संशयित भाग थंड करून ठराविक मिनिटांनी सेल्फ मारावा. दुसऱ्या वेळी काहीही थंड न करता तितकीच मिनिटे थांबून सेल्फ मारावा. पहिल्या वेळी सुरू झाले व दुसऱ्या वेळी झाले नाही, आणि असे निदान दोनदा घडले, तरच त्या भागावर ठपका ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलले तर कोणत्या भागाने गुण आला हे कधीच कळत नाही.

७. नोंद कशी ठेवावी?

दोष हजर असताना मेस्त्री हजर नसतो. म्हणून चालकानेच साक्षीदार व्हावे. खिशात एक लहान वही ठेवून प्रत्येक वेळी पुढील बाबी लिहाव्यात :

१) तारीख, वेळ, हवा उन्हाची की ढगाळ.
२) बंद करण्यापूर्वी किती वेळ व कोणते काम झाले.
३) तपमानाचा काटा कोठे होता.
४) बंद करून किती मिनिटे झाली.
५) सेल्फ जोरात, मंद की मुळीच नाही.
६) धूर, वास, आवाज.
७) काय केले आणि किती मिनिटांनी सुरू झाले.

सुरू झाले त्या वेळांचीही नोंद ठेवावी. केवळ बिघाडाच्या नोंदीवरून अर्धेच चित्र दिसते. आठ-दहा नोंदी झाल्या की दोषाची चाल बहुधा आपोआप उमगते.

८. एक उदाहरण

रीत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. उचगावच्या एका शेतकऱ्याचा दहा वर्षांचा ट्रॅक्टर हंगामात ऊस वाहतो. गरमपणी तो सुरू होत नाही म्हणून नवी बॅटरी घेतली, सेल्फ भरून आणला. गुण आला नाही. मग त्याने वही ठेवली. नोंदींवरून दिसले की, सकाळी ट्रॅक्टर पहिल्या प्रयत्नात सुरू होतो. पाच मिनिटांच्या थांब्यानंतरही होतो. वीस मिनिटांच्या थांब्यानंतर बहुतेक वेळा होत नाही. दीड तासाने होतो. प्रत्येक वेळी सेल्फ जोरात फिरला आणि नळीतून धूर आला नाही.

या दोन ओळींनी पुष्कळ काम झाले. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी व सेल्फ यांवरचा खर्च अनाठायी होता. धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पुढच्या वेळी दोष हजर असताना त्याने पाहिले : सोलेनॉइडचा आवाज येतो, फिल्टरपर्यंत डिझेल बुडबुड्यांवाचून येते. मग तुलनेची चाचणी केली. डिझेल पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटांनी ट्रॅक्टर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तसल्याच थांब्यानंतर नुसती दहा मिनिटे वाट पाहिली, तेव्हा झाला नाही. दोन्ही प्रकार पुन्हा एकदा करून तेच उत्तर मिळाले. आता पंप उतरवून, चाचणी-यंत्र असलेल्या कार्यशाळेत तपासण्यास देणे योग्य ठरले. कार्यशाळेलाही ‘पंप पाहा’ असे मोघम न सांगता, गरम डिझेलावर सेल्फच्या वेगाने दाब पाहा, असे नेमके सांगता आले.

ओतकाम व ऑइल इंजिने यांसाठी कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर प्रसिद्ध आहे. कुशल कारागीर या भागात दुर्मीळ नाहीत. त्यांच्या कौशल्याचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी वाहनाच्या मालकाने नीट माहिती पुरविणे तेवढे आवश्यक आहे.

९. दक्षता

१) पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडून ट्रॅक्टर कदापि सुरू करू नये. चालकाने आसनावर बसूनच, गिअर न्यूट्रलमध्ये व ब्रेक लावून किल्ली फिरवावी. सुरक्षा-स्विच बिघडल्यास दुरुस्त करावे; तार जोडून ते निकामी करू नये.

२) गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफेने तोंड व हात भाजतात.

३) पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची चाचणी करू नये, विडी-सिगारेट जवळ आणू नये.

४) चालू इंजिनाच्या पंपावर थंड पाणी ओतू नये, आतील बारीक भाग आवळून पंप अडकण्याचा धोका असतो. ओले फडके वापरावे व तेही इंजिन बंद असतानाच. विजेच्या जोडांवर पाणी पडू देऊ नये.

५) डिझेल इंजेक्शनच्या दाबाच्या नळ्यांची गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचे डिझेल कातडीत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ डॉक्टरांकडे जावे. कॉमन रेलच्या नळ्या जागेवर कधीच सैल करू नयेत.

६) एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये, मधे निदान अर्धा मिनिट थांबावे. सतत सेल्फ मारल्याने तो तापतो आणि मूळ दोषात दुसऱ्याची भर पडते.

७) बंद गोठ्यात किंवा खोपीत इंजिन चालवून चाचणी करू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो.

८) इंजिन मुळातच जादा तापत असल्यास प्रथम पाणी, पट्टा, पंखा व रेडिएटरमधील कचरा पाहावा. तेथील दोष काढल्यावाचून पुढची तपासणी व्यर्थ आहे.

१०. कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी, गावातील ट्रॅक्टर व टेंपोचालकांची एखादी बैठक बोलवावी. एक मल्टिमीटर, एक वायर ब्रश व पाने एवढ्या साहित्यावर तासाभराचे प्रात्यक्षिक होऊ शकते. एका ट्रॅक्टरची अर्थिंगची पट्टी सर्वांसमोर तपासावी, दाबाची घट मोजावी, जोड साफ करून पुन्हा मोजावी. आकडा डोळ्यांदेखत उतरला की शंभर शब्दांचे काम होते. नोंदवहीचा नमुना फळ्यावर लिहून द्यावा. सेल्फ बाहेरून जोडण्याचा धोका मात्र प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगावा. तरुण मुले हे धाडस मोठ्यांचे पाहून शिकतात.

दोष अधूनमधून येतो म्हणजे तो लहरी आहे असे नव्हे. तो काही ठराविक परिस्थितीतच येतो. ती परिस्थिती शोधून काढणे म्हणजेच निदान. शेतकरी बंधूंनी घाईने भाग बदलण्यापूर्वी पाहावे, लिहावे, तुलना करावी आणि मगच खर्च करावा.

उजळणीसाठी प्रश्न

१) इंजिन बंद केल्यावर सर्वाधिक अडचण १० ते ३० मिनिटांच्या अवधीत का येते?
२) थंडपणी जोरात व गरमपणी मंद फिरणाऱ्या सेल्फच्या बाबतीत बॅटरीवर आधी संशय का घेऊ नये?
३) सेल्फ मारताना धूर येणे व न येणे यांवरून काय समजावे?
४) ओल्या फडक्याच्या चाचणीस तुलनेची जोड का द्यावी?
५) आपल्या गावातील एका वाहनाच्या अर्थिंगच्या पट्टीत किती व्होल्ट घट होते, ते मोजून वहीत लिहा.